टिपणीसांचा खर्ज

भालचंद्र टिपणीस यांचा आवाज वाईट आहे, असं मी लेखी कळवलेलं आहे. इतक्या उघड शब्दांत नाही. मी सुशिक्षित माणूस आहे, शिवाय प्रोजेक्ट मॅनेजर आहे. वाईट बातमी तीन परिच्छेदांत गुंडाळून कशी द्यायची हे माझ्या पोटापाण्याचं कौशल्य आहे. ती ईमेल अजून माझ्याकडे आहे. वर्षातून एकदोनदा मी ती उघडून वाचतो. भाषा निर्दोष आहे. तिच्यात एकही वाक्य असं नाही की ज्याबद्दल मला कोणी धारेवर धरावं, आणि म्हणूनच ती वाचवत नाही.

टिपणीस मूळचे मुरुडकडचे. तेहतीस वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिन रूममध्ये गेली, त्यातली शेवटची काही वर्षं चीफ इंजिनिअर म्हणून. निवृत्तीनंतर ते आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, मुलीकडे सिंगापूरला आले. मुलगी चांगल्या नोकरीत होती; बुकित तिमाहला कॉन्डो घेऊ म्हणत होती. टिपणीसांनी विचारलं, "तिथून क्रेन दिसते का?" दिसत नव्हती. म्हणून सेम्बावांगला, शिपयार्डच्या बाजूला, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्याने घेतला. तिथूनही क्रेन दिसत नसे, पण ती आहे हे त्यांना माहीत असे.

सगळे त्यांना चीफ म्हणत. बायकोसुद्धा, पण तिच्या तोंडी त्या शब्दाला वेगळी धार होती. उंची बेताची, हात मात्र दुसऱ्या कोणाचे तरी बसवल्यासारखे मोठे. पँटच्या मागच्या खिशात कायम सुती चिंध्यांचा बोळा, कारण इंजिन रूममधला माणूस चिंधीशिवाय नागडा असतो, असं त्यांचं म्हणणं. कुठल्याही लिफ्टमध्ये शिरले की आधी तळहात भिंतीला लावत. दोन मजल्यांनंतर निदान येई: "बेअरिंग चाललंय." एकदा माझ्या वुडलँड्सच्या ब्लॉकच्या लिफ्टबद्दल त्यांनी असं सांगितलं आणि तिसऱ्या दिवशी ती बंद पडली. माझा मुलगा त्यानंतर आठवडाभर त्यांच्याकडे जरा घाबरूनच बघत होता.

आमची ओळख झाली ती गाण्यामुळे, आणि मी गाण्याकडे वळलो ते माझ्या ओरडण्यामुळे. ऑफिसात मी कोणावर आवाज चढवत नसे. तो सगळा वाचवून घरी आणत असे. एका रविवारी मुलगा म्हणाला, "बाबा, यू ऑल्वेज स्कोल्ड ओन्ली लाह," आणि मेधा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "रविवारी दुपारी तू कुठेतरी जात जा. कुठेही." वुडलँड्सच्या वाचनालयात एक कागद लावलेला होता: या आणि मोठ्याने गा, अनुभवाची गरज नाही, श्रोते नकोत. घरात मोठ्याने बोलायची बंदी झालेल्या माणसाला ही जाहिरात आपल्यासाठीच लावली आहे असं वाटणं साहजिक होतं.

डोरिस लिम नावाच्या निवृत्त शिक्षिकेने तो गट सुरू केला होता. अमेरिकेत शिकायला असताना तिला हा प्रकार सापडला. तिथल्या खेड्यांतल्या, संगीत न शिकलेल्या माणसांना चार आवाजांत एकत्र गाता यावं म्हणून कोणीतरी स्वरांना आकार दिले: त्रिकोण, गोल, चौकोन, हिरा. आकार दिसला की स्वराचं नाव कळतं. चार आवाजांचे चार गट चौकोनाच्या चार बाजूंना, एकमेकांकडे तोंड करून बसतात. मधली जागा मोकळी. ज्याला वाटेल त्याने तिथे उभं राहायचं, पानाचा आकडा सांगायचा आणि हात खालीवर करून ताल द्यायचा. प्रत्येक गाणं आधी नुसत्या आकारांच्या नावांनी म्हणायचं, मग शब्दांनी. तालीम नाही, कार्यक्रम नाही, कोणी कोणाला सुधारायचं नाही. गळा चांगला असावा अशी अट नव्हती. तो पूर्ण उघडावा एवढीच होती.

सेम्बावांगच्या एमआरटी स्टेशनाजवळ एका भाड्याच्या खोलीत पंधरासोळा माणसं महिन्यातून एकदा जमत. मी पहिल्या दिवशी वेळेवर पोहोचलो, तर एक म्हातारे गृहस्थ खुर्च्या मांडून, दोन बाजूंमधलं अंतर पावलांनी मोजत होते. मी भिंतीकडेची एक खुर्ची पकडली. आधी बघावं, मग ठरवावं, असा माझा स्वभाव. गृहस्थ माझ्याकडे आले आणि त्यांनी माझ्याकडे न बघता माझी खुर्ची मागून उचलायला सुरुवात केली.

"मी आज नुसता ऐकणार आहे," मी इंग्रजीत म्हणालो.

"मराठी दिसतोस," ते मराठीत म्हणाले. "आणखी मोठ्याने बोल, मला ऐकू येत नाही. काय म्हणालास?"

"मी फक्त ऐकायला आलोय."

"मग चुकीच्या ठिकाणी आलास. इथून काही नीट ऐकू येत नाही. चल, खर्जात बस माझ्या शेजारी. आजपासून तू फोर्थ."

जहाजावर फोर्थ इंजिनिअर म्हणजे अधिकाऱ्यांतला सगळ्यांत खालचा, पंप साफ करणारा. सत्तेचाळिसाव्या वर्षी मला हे पद मिळालं आणि खरं सांगतो, गेल्या कित्येक वर्षांतल्या कुठल्याही बढतीपेक्षा बरं वाटलं.

आकार शिकवायची त्यांची स्वतःची पद्धत होती. "त्रिकोण म्हणजे समोसा, फा म्हणायचं. गोल म्हणजे पुरी, सोल. चौकोन म्हणजे कोथिंबिरीची वडी, ला. आणि हिरा म्हणजे शंकरपाळा, मी. शंकरपाळा क्वचित येतो. पण आला की लोक घसरतात."

सात स्वरांना चारच नावं आहेत, म्हणजे तीन नावं दोनदा येतात, हे माझ्या सारेगमवर वाढलेल्या डोक्यात शिरेना. दोन वेगळ्या स्वरांना एकच नाव कसं चालेल, मी विचारलं.

"न चालायला काय झालं? आमच्या जहाजावर दोन चीफ. एक मी, एक चीफ कुक. बारा वाजता कोणी 'चीफ' म्हणून हाक मारली तर मी कधी उठलो नाही."

आणि ते गायला लागले. तो आवाज कसा होता हे मला नीट सांगता यायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. तो आवाज मोठा होता. जड सामान फरशीवरून ओढल्यासारखा. सुराच्या आसपास राहायचा, जसा एखादा पाहुणा नक्की फ्लॅट माहीत नसल्यामुळे त्या मजल्यावर फिरत राहतो. पण ताल पक्का होता. उजवा तळहात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर दाबून, डोळे मिटून, ते स्वतःला त्या गाण्यात ओतून देत. पुढच्या खुर्चीत बसणारा माणूस दर महिन्याला बदलत असे, यात नवल नव्हतं. तासाभराने मीही तोंड उघडलं. त्यांच्या शेजारी बसून चूक ऐकू येण्याची भीतीच नव्हती.

गाण्याचे शब्द जुने, ख्रिस्ती, आणि बहुतेक मरणाबद्दलचे. मेधाने ते पुस्तक चाळलं आणि म्हणाली, "यात दर पानावर कोणीतरी मरतंय. आणि आनंदाने मरतंय. रविवारी दुपारी हे तुला लागतंच का?" मी चीफना हे सांगितलं. ते म्हणाले, "बायकोला सांग, जहाजावर विमा एजंट यायचा तोही हेच बोलायचा, पण त्याला चाल नव्हती."

तिसऱ्या की चौथ्या महिन्यात त्यांनी मला घरी जेवायला नेलं. काकूंनी सोड्याची खिचडी केली होती. काकू बारीक, ताठ, आणि बोलण्यात मिठाचा खडा.

"तुम्ही पण जाता तिथे?" त्यांनी मला विचारलं. "तुम्हाला तर ऐकू येतं."

चीफनी खिचडीवर तूप घेतलं आणि मला समजावून सांगितलं. तेहतीस वर्षं इंजिनाच्या आवाजात काढल्याने वरचे आवाज गेले. पक्षी गेले, टेलिफोन गेला, लहान मुलं गेली, बायकांचे आवाज गेले.

"माझा लग्नाच्या वर्षीच गेला," काकू म्हणाल्या. "तेव्हा इंजिन नव्हतं."

त्यांनी यंत्र घेतलेलं होतं. कानात घालायचं, महागाचं, मुलीने आणलेलं. ते कपाटात असे, कारण त्याच्यातून सगळं एकाच अंतरावरून येतं, असं चीफ म्हणत. पंखा आणि माणूस एकाच जागी बसल्यासारखे वाटतात.

"पूर्वी मी पंपावर स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवून मूठ कानाला लावायचो," ते म्हणाले. "आत काय चाललंय ते हाडातून कळायचं. तसं इथे. चारी बाजूंनी माणसं ओरडतात, पुढची खुर्ची थरथरते, जमीन थरथरते, ते हातातून वर येतं. बायकांचंसुद्धा येतं. डोरिसचा आवाज कसा आहे ते मला माहीत आहे, फोर्थ. हिचा आता आठवत नाही. महिन्यातून दोन तास मला ऐकू येतं. बाकीचे दिवस मी बघतो."

 काकूंनी मला आणखी खिचडी वाढली.

मीही त्या दिवशी त्यांना एक गोष्ट सांगितली, जी मी कधी कोणाला सांगितली नव्हती. चौथीत असताना शाळेच्या समूहगानात मला घेतलं होतं. गायनाच्या बाईंनी तालमीत माझ्याजवळ येऊन, गालाला हात लावून, अगदी प्रेमाने म्हटलं होतं, "तू नुसते ओठ हलव हं." मी ओठ हलवले. कार्यक्रमाला आई आली होती. घरी जाताना म्हणाली, तुझा आवाज मला वेगळा ओळखू आला.

चीफ बराच वेळ हसले. मग म्हणाले, "म्हणजे अडतीस वर्षं पंप जागेवर आहे, पण व्हॉल्व्ह बंद. काही हरकत नाही. गंजलेला असला तरी सुटतो."

हे सगळं मला माहीत होतं. हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो आहे. मी जे केलं ते सगळं माहीत असताना केलं.

सिंगापूरच्या उत्तरेकडच्या तीसेक मराठी कुटुंबांचं आमचं एक छोटं मंडळ होतं आणि त्याच्या समितीत मी होतो. गणपतीच्या सांस्कृतिक संध्याकाळी दर वर्षी तीच नृत्यं, तीच नाटुकली. त्या वर्षी बैठकीत 'काहीतरी वेगळं' हवं असं ठरलं, आणि मी हात वर केला. आपली मराठी माणसं अशी आहेत की चार जण कुठेही आनंदाने काही करताना दिसले की आपल्याला त्यांच्यासाठी स्टेज, माइक आणि गुलाबाचं फूल हवंसं वाटतं. सांस्कृतिक चिटणीस सोनाली यांनी एकच शंका काढली.

"त्यात देवाचं नाव येतं का?"

"येतं."

"कोणत्या?"

"नुसतं 'लॉर्ड' म्हणतात."

"मग चालेल. जनरल आहे."

डोरिसला पटवायला वेळ लागला. "वी डोन्ट परफॉर्म," ती म्हणाली. "नो ऑडियन्स. दॅट्स द होल पॉइंट, यू नो." मी म्हणालो, बाराच मिनिटं, नवी माणसं मिळतील. गटाला माणसांची गरज होती आणि मला बैठकीत दिलेल्या शब्दाची. ती कशीबशी हो म्हणाली. चीफ लगेच हो म्हणाले. त्यांना वाटलं, जास्त लोक येणार म्हणजे चौकोन मोठा होणार.

चौकोन करताच आला नाही. प्रेक्षकांना पाठ दाखवणं आपल्यात बरं दिसत नाही. म्हणून तालमीत मी सगळ्यांना दोन रांगांत, समोर तोंड करून उभं केलं. खुर्च्या नाहीत, पुढे तीन माइक. गाणं सुरू झालं आणि सगळे आवाज समोर रिकाम्या सभागृहाकडे निघून गेले. चीफचा हात हवेत पुढची खुर्ची शोधत होता. मग त्यांनी तो खिशात घातला. ते अर्धी मात्रा मागे पडले, मग पाऊण, मग भलत्याच सुरावर स्थिर झाले आणि तिथून, जवळच्या माइकमधून, पूर्ण ताकदीने गात राहिले. सभागृहाच्या मागच्या रांगेतून सोनालीताई माझ्याकडे बघत होत्या. मी समितीचा माणूस होतो. मला लाज वाटली. कोणाची, ते मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी ती ईमेल लिहिली. तीन परिच्छेद. पहिल्यात त्यांच्याबद्दलचा आदर. दुसऱ्यात ध्वनियंत्रणेच्या मर्यादा. तिसऱ्यात असा प्रस्ताव, की त्यांचं मराठी आणि व्यक्तिमत्त्व पाहता कार्यक्रमाचं निवेदन त्यांनीच करावं, गाणं बाकीचे सांभाळतील. ओठ हलवा असं मी कुठेही म्हटलं नाही. आणि सवयीप्रमाणे, मुद्दा मांडला की आधार जोडावा, म्हणून तालमीचं मी फोनवर केलेलं चाळीस सेकंदांचं रेकॉर्डिंग सोबत जोडलं. 'आपल्या माहितीसाठी.'

उत्तर एका ओळीचं आलं. "निवेदन करीन. तुम्हाला किती मिनिटांचं हवं आहे?" एक वर्ष ज्या माणसाने मला 'अरे फोर्थ' म्हटलं होतं, त्याने मला तुम्ही म्हटलं. मी त्यात सौजन्य वाचलं आणि ईमेल फोल्डरमध्ये टाकली.

निवेदन अप्रतिम झालं. कडक इस्त्रीचा झब्बा घालून ते माइकसमोर उभे राहिले. "पुढच्या गाण्यात एक माणूस मरतो आणि त्याला त्याचा आनंद होतो," ते म्हणाले. लोक हसले. "त्याच्या पुढच्या गाण्यातही माणूस मरतो, पण चाल वेगळी आहे." लोक आणखी हसले. संध्याकाळची सगळ्यांत मोठी टाळी त्यांना मिळाली. मग ते खाली येऊन पहिल्या रांगेत, काकूंच्या शेजारी, हात मांडीवर ठेवून बसले आणि त्यांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही छान गायलो. कुठेही चुकलो नाही. फार वाईट झालं ते. एखादं गाणं कोसळलं असतं, तर मला त्यांच्याकडे जाऊन म्हणता आलं असतं की चीफ, तुमच्याशिवाय जमत नाही. जमलं.

कार्यक्रमानंतर बटाटेवड्याच्या रांगेत मी त्यांना विचारलं, कसं वाटलं.

"छान दिसत होतात," ते म्हणाले.

पुढच्या महिन्यात ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. खुर्च्या आता डोरिस मांडत असे आणि चौकोन जरा वाकडा होई. तिने मला विचारलं, "चीफ ओके ऑर नॉट?" मी म्हणालो, तब्येत नरम असेल. मग एका शनिवारी सकाळी मी मिठाईचा खोका घेऊन त्यांच्या घरी गेलो.

दार काकूंनी उघडलं. चीफ बाल्कनीच्या कठड्यावरच्या कुंडीतल्या कढीपत्त्याला पाणी घालत होते. कानात यंत्र होतं.

"हल्ली घालतात," काकू म्हणाल्या. "तुम्ही ती टेप पाठवलीत ना, ती ऐकायला पहिल्यांदा काढलं. टेबलाशी बसून दहाबारा वेळा ऐकली. मी म्हटलं, अहो कोण ओरडतंय. म्हणाले, मी."

मी चीफसमोर बसलो आणि बोलायला लागलो. मी खूप बोललो. माझा स्वभाव, समितीचा दबाव, चौथीतल्या बाई, सगळं. माझे डोळे भरून आले. माफी मागताना मला जरा बरंही वाटायला लागलं होतं, हे मी कबूल करतो. चीफनी मध्येच हात वर केला.

"तुम्हाला माफी हवी आहे, की मी तिथे परत यायला हवा आहे?"

"दोन्ही."

"ती दोन वेगळी कामं आहेत. माफी आत्ता देतो. झालं?" त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही खोटं काहीच पाठवलं नव्हतंत. तेहतीस वर्षं मी लोकांना सांगितलं, कोणता पंप खराब आहे तो शोधा आणि बाजूला काढा. बाकीची लाइन चालू राहिली पाहिजे. आता मला माहीत आहे कोणता पंप आहे ते. माहीत असताना परत कसा जोडू?"

मी म्हणालो, तिथे कोणाला तसं वाटत नाही.

"तुम्हाला वाटलं," ते म्हणाले. रागाने नाही. तळटीप सांगावी तसं.

काकूंनी चहा आणला. मी घेऊन आलेला खोका उघडला. चीफनी यंत्राचा आवाज कमी केला, आणि मला समजलं की भेट संपली.

डोरिसला मी खरं काय ते सांगितलं. मी म्हणालो, मी सगळ्यांच्या वतीने एक पत्र लिहितो. "नो," ती म्हणाली. "यू डोन्ट राइट एनीथिंग एनीमोर, कॅन?" मग तिने तिच्या वयाच्या बाईला शोभणार नाही इतक्या सोप्या युक्तीने काम केलं. पुढच्या महिन्याची बैठक चीफच्या ब्लॉकखाली ठेवली. इथल्या प्रत्येक सरकारी ब्लॉकखाली खांबांची मोकळी जागा असते. लग्नं तिथे होतात, आणि अंत्यविधीही. परवानगी काढली, प्लास्टिकच्या खुर्च्या भाड्याने आणल्या. चीफना काहीही कळवायचं नाही, असं तिने मला बजावलं. "ही कम, ही कम. ही डोन्ट कम, वी सिंग."

आम्ही चौकोन मांडून गायला लागलो. रविवारी दुपारचे चार. उघड्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, मी तरी पुटपुटतच होतो, आणि बाकीच्यांचंही फारसं वेगळं नव्हतं. दोन गाणी झाली. कोणी आलं नाही. बाजाराच्या पिशव्या घेतलेले एक चिनी आजोबा लिफ्टकडे जाताना थांबले. खुर्च्यांकडे पाहिलं, आमच्या गंभीर चेहऱ्यांकडे पाहिलं, थोडं गाणं ऐकलं. मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "हू पास अवे, आ?"

"नोबडी, अंकल," मी म्हणालो.

त्यांना ते पटलं नाही. त्यांनी पिशव्या खाली ठेवून मान झुकवली, आणि मग वर गेले.

पंधरा मिनिटांनी लिफ्टचं दार उघडलं आणि चीफ बाहेर आले. पांढरा शर्ट, काळी पँट, ओले करून बसवलेले केस. आजोबांची बातमी वर पोहोचली होती; शेजारी म्हणून ते अंत्यदर्शनाला आले होते. ते खांबांमधून हळूहळू, चेहरा नीट ठेवून चालत आले आणि आम्हाला बघून जागच्या जागी उभे राहिले. मधल्या जागेत डोरिस ताल देत होती. तिने हात थांबवला नाही. चीफनी आम्हा सगळ्यांना एकेक करून मोजलं. मग वाकून माझ्या कानाशी विचारलं,

"कोण गेलं?"

मी इतक्या जोराने म्हणालो की दोन जण माझ्याकडे बघायला लागले, "कोणी नाही, चीफ."

"मग एवढं हळू का गाताय?"

मी माझी खुर्ची सोडून एक खुर्ची सरकलो. ते बसले. दोन्ही कानांतली यंत्रं काढून त्यांनी शर्टाच्या खिशात टाकली, हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर दाबला आणि तोंड उघडलं.

ती माझी त्यांची शेवटची भेट. दोनच महिन्यांनी मुलीची नोकरी ऑस्ट्रेलियाला गेली, तिच्याबरोबर सगळ्यांचे इथे राहायचे पास संपले, आणि म्हातारा-म्हातारी पनवेलच्या घरी परतली. फोनवर त्यांना काही ऐकू येत नाही. ईमेल मी लिहीत नाही. त्यामुळे माझ्याकडे आहे ती ती दुपारच.

त्यांचा आवाज वाईटच होता. ईमेलमधला तो मुद्दा मी आजही मागे घेणार नाही. वर काँक्रीटचं छत होतं, त्याने तो आणखी मोठा केला. डोरिसचा सूर उंच चढला आणि यांनी तो खालून, दोन घरं चुकवून, धरला. मी त्यांच्या शेजारी बसून इतक्या जोराने गात होतो की घशात रक्त आल्यासारखं वाटलं, आणि बाकीचे पंधरा जणही तसेच. वरच्या मजल्यांवरून लोक खाली उतरून खांबांशी उभे राहिले होते. ते आजोबाही परत आले होते, या वेळी स्वच्छ शर्ट घालून.

चीफ बसल्यानंतरच्या तिसऱ्या गाण्याच्या शेवटी माझ्या खांद्याला बोट लागलं. काकू होत्या. साडी बदललेली, कपाळावरचं कुंकू लहान केलेलं.

"हे इतका वेळ वर आले नाहीत म्हणून मी खाली आले," त्या म्हणाल्या. "कोण गेलं हो?"

"कोणी नाही, काकू."

"मग हे काय चाललंय?"

"चीफ गातायत."

"ते लिफ्टमध्येच कळलं," काकू म्हणाल्या. "म्हणून तर विचारलं."

आणि त्या तिथेच उभ्या राहिल्या. चीफना त्या आल्याचा पत्ताच नव्हता. ते पुढच्या पानाचा आकडा ओरडून सांगत होते, आणि चुकीचा सांगत होते, आणि आम्ही सगळे तेच पान उघडत होतो.